ज्याच्यासाठी खेळायचं, तो मैदानात नसतो

'पटांगण' सदराच्या गेल्या अंकात मी २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये नव्याने येणाऱ्या खेळांबद्दल लिहिलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन आपल्या मुंबईतच भरलं आणि तिथे क्रिकेट, स्क्वॉश, बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि लॅक्रॉस या पाच खेळांना मान्यता मिळाली. लॅक्रॉसबद्दल मी एवढंच लिहिलं होतं की हा उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा खेळ आहे आणि ते त्याला सृष्टीकर्त्याने दिलेला खेळ मानतात. पत्रं आली ती बहुतेक याच वाक्यावर. क्रिकेटवर एकही नाही, याचा मला मनापासून आनंद झाला. म्हणून या वेळचं सदर सगळं लॅक्रॉसला.

प्रश्न : बाई, हा खेळ म्हणजे हवेतली हॉकीच ना? (एक वाचक, नवी पेठ)

हॉकीत चेंडू जमिनीवरून काठीने ढकलायचा. लॅक्रॉसमध्ये काठीच्या टोकाला जाळी असते. चेंडू त्या जाळीत झेलायचा, जाळीत झुलवत धावायचं आणि जाळीतूनच फेकायचा. हात लावायचा नाही. नेहमीच्या मैदानी खेळात एका बाजूला दहा खेळाडू, ऑलिंपिकमध्ये येणाऱ्या छोट्या प्रकारात सहा. जुन्या काळी मात्र गावच्या गाव खेळायचं, एका बाजूला शेकडो माणसं. आखलेलं मैदान नसायचं, आणि खेळ कधी कधी दिवसभर चालायचा.

प्रश्न : बाई, तुमचं वाचून मी मोबाइलवर शोधलं. एक खेळाडू सांगत होता की त्यांच्या गावात कोणी आजारी पडलं की त्याच्यासाठी लॅक्रॉसचा सामना खेळतात, खेळ हेच औषध. आमच्या आजोबांचं डायलिसिस चालू आहे. खरं सांगा, खेळाने कोणी बरं होतं का? ही अंधश्रद्धाच नाही का? (अकरावीचा विद्यार्थी, बाळीवेस)

बाळा, आधी आजोबांचं. डायलिसिसची एकही पाळी चुकवायची नाही. डॉक्टर सांगतील ते पथ्य, सांगतील तेवढंच पाणी. याला पर्याय म्हणून कोणी काहीही सुचवलं, अगदी मी सुचवलं, तरी ऐकायचं नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येऊ. तू ज्याला बोलताना ऐकलंस तो बहुधा होदेनोशोनी लोकांपैकी असणार. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कयूगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हा संघ. इंग्रजी पुस्तकांत त्यांना इरोक्वॉय म्हणतात. आजच्या न्यूयॉर्क राज्यात आणि सीमेपलीकडे कॅनडाच्या ओंटारिओ आणि क्युबेकमध्ये त्यांची गावं आहेत. ते सांगतात की माणूस पृथ्वीवर यायच्या आधीपासून हा खेळ आहे आणि सृष्टीकर्त्याला तो बघायला आवडतो. त्याला आनंद व्हावा म्हणून खेळायचं. तोच खेळ माणसांना बळ देतो, म्हणून तो औषधही.

आजाऱ्यासाठी जो सामना होतो तो तुला टीव्हीवर दिसणार नाही. तिकीट नाही, पंच नाही, कॅमेरा चालत नाही. घरातलं कोणी खचलं असेल, आजारी असेल, तर त्याच्यासाठी सामना मागितला जातो. कधी संपूर्ण गावासाठीही. सकाळी तंबाखू अग्नीला वाहून प्रार्थना होते. तिथला तंबाखू पवित्र मानलेला, तो ओढायचा तंबाखू नव्हे. आज हा खेळ कोणासाठी आहे ते सगळ्यांना सांगितलं जातं. मैदानाच्या दोन टोकांना दोन-दोन खांब उभे करतात. चेंडू हरणाच्या कातड्याचा. काठ्या फक्त लाकडाच्या. दुकानातली प्लॅस्टिकची काठी या सामन्यात चालत नाही, मग तिचा मालक जगातला कितीही मोठा खेळाडू असो. शाळकरी पोरापासून पिकल्या केसांच्या आजोबांपर्यंत सगळे पुरुष एकाच मैदानात उतरतात. किती गोल झाले की थांबायचं ते आधीच ठरलेलं. कोण जिंकलं याला काडीचं महत्त्व नाही. खेळ संपला की तो चेंडू ज्याच्यासाठी खेळ मांडला त्या माणसाला देतात. तो त्याच्याकडेच राहतो.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळी धावपळ, घाम, खरचटलेले गुडघे, आणि ज्याच्यासाठी हे चाललंय तो मैदानात नाही. तो घोंगडीत गुंडाळून कडेला बसलेला असेल किंवा घरात अंथरुणावर असेल. शाळेच्या मैदानावर माझी सगळी नोकरी गेली. मुलांना मी शाळेसाठी खेळायला शिकवलं, सोलापूर जिल्ह्यासाठी, ढालीसाठी, क्रीडा गुणांसाठी. कोणा एका दुखणाऱ्या माणसासाठी खेळा, असं सांगायचं मला कधी सुचलं नाही, आणि माझ्या ओळखीच्या कुठल्या क्रीडाशिक्षकालाही नाही.

या उपचाराची सगळ्यात जुनी लेखी नोंद ज्यांना तो अजिबात पटत नव्हता अशा माणसाने केली आहे. ज्यां द ब्रेबफ हे फ्रेंच पाद्री आजच्या ओंटारिओमध्ये ह्युरॉन नावाच्या मूळ रहिवाशांत राहत होते. १६३६ मध्ये त्यांनी लिहिलं की तापाने फणफणलेला, मरणाच्या दारातला माणूस असतो आणि गावातला मांत्रिक त्याच्यावर उतारा म्हणून लॅक्रॉसचा सामना सांगतो. त्यांना ते भयंकर वाटलं. पण त्यांनी ते लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला कळतं की जवळपास चारशे वर्षांपूर्वीही हा खेळ आजाऱ्यासाठी मांडला जात होता. पुढे १८१५ मध्ये सेनेका लोकांचे संत हॅन्डसम लेक ओनोंडागाला आले आणि आजारी पडले. दारूच्या विळख्यातून आपल्या लोकांना बाहेर काढणारा हा माणूस. गावाने त्यांच्यासाठी लॅक्रॉस मांडला. ते त्या आजारातून उठले नाहीत. तरीही या खेळावरचा विश्वास गेला नाही, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. सामना खेळला की माणूस हमखास बरा होतो, असा तो सौदा असता तर त्या दिवशीच मोडला असता.

आपण आजाऱ्याला भेटायला जातो तेव्हा काय करतो? स्टुलावर बसतो, रिपोर्ट विचारतो, कोणाच्या तरी आत्याला हेच झालं होतं ते सांगतो, शहाळं ठेवतो आणि निघतो. आजारी माणसाला वाटत राहतं की मी सगळ्यांना जड झालोय. तिथे त्याला दिसतं की आपल्यासाठी गाव धावतंय. यकृत-मूत्रपिंडावर याचा काय परिणाम होतो ते मी सांगू शकत नाही, पण जगण्याच्या उमेदीवर होतो हे मी ठामपणे म्हणेन. अंधश्रद्धा मी तिला म्हणते जी उपचार तोडायला लावते, पैसे उकळते, कोणाला तरी दोषी ठरवते. इथे त्यातलं काहीच होत नाही. हे लोक दवाखान्यात जातात, गोळ्या घेतात आणि खेळही मांडतात.

प्रश्न : चौथीच्या वर्गाला या खेळाची एखादी गोष्ट सांगायची आहे. आहे का? (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

आहे, आणि फार गोड आहे. होदेनोशोनी सांगतात, आणि अमेरिकेतलीच दुसरी एक मूळ जमात असलेले चेरोकी लोकही सांगतात. मी चेरोकींकडची देते.

एकदा जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांनी पक्ष्यांना सामन्याचं आव्हान दिलं. प्राण्यांचा कप्तान अस्वल. अंगाने एवढा की आडवा येईल त्याला लोळवेल. संघात हरीण, म्हणजे वाऱ्याशी शर्यत. आणि कासव, पण आजच्यासारखं छोटं नाही, दगडासारख्या पाठीचं प्रचंड मोठं कासव. पक्ष्यांचा कप्तान गरुड, जोडीला ससाणा. सामन्याआधी पक्षी झाडावर बसून पिसं साफ करत होते, तेवढ्यात दोन चिमुकले जीव खोडावरून वर चढून आले. उंदराएवढे. म्हणाले, आम्हालाही खेळायचंय. गरुड म्हणाला, तुम्हाला तर चार पाय आहेत, तुमच्याच लोकांत जा. ते म्हणाले, गेलो होतो. त्यांनी आम्हाला हसून हाकलून दिलं.

पक्ष्यांना वाईट वाटलं. पण पंख नसताना खेळणार कसे? शेवटी कोणीतरी म्हणालं, आपल्या ढोलाला कातडं आहे. ढोलाच्या कडेचं कातडं कापून एकाच्या पुढच्या पायांना ताणून बसवलं. तो झाला वटवाघूळ. दुसऱ्यासाठी कातडंच उरलं नाही. मग दोन मोठ्या पक्ष्यांनी त्याच्या अंगाची कातडी दोन्ही बाजूंनी चोचीत धरून ओढ ओढ ओढली. ती झाली उडती खार. सामना सुरू झाला आणि पहिला चेंडू त्या खारीनेच उचलून झाडावर नेला. चेंडू पक्ष्यांमध्ये फिरता फिरता खाली पडणार, तोच पाकोळीने झेप घेऊन पकडला आणि वटवाघळाकडे दिला. वटवाघूळ असं गिरक्या घेत, हुलकावण्या देत गेलं की हरणालाही सापडलं नाही. गोल त्यानेच केला. पक्षी जिंकले.

चेरोकी खेळाडू पूर्वी काठीला वटवाघळाच्या पंखाचा तुकडा बांधायचे, ते याचमुळे. वर्गात गोष्ट सांगितल्यावर तात्पर्य फळ्यावर लिहू नका, एवढी विनंती. शेवटच्या बाकावरच्या मुलांना ते तुमच्याआधी कळलेलं असतं.

प्रश्न : मी सुतार आहे. पेपरात आलेल्या फोटोत जुन्या लाकडी काठीचं टोक पाहिलं, छत्रीच्या मुठीसारखं गोल वळलेलं. लाकूड न तडकता एवढं वळतं कसं? जोड दिलाय का? (एक कारागीर, अशोक चौक)

जोड नाही. अखंड एकच लाकूड. तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण या खेळाचं मर्म त्या वळणात आहे.

झाड हिकरीचं. आपल्याकडे ते होत नाही. अक्रोडाच्या कुळातलं आहे. लाकूड चिवट, धक्का सोसणारं. ओनोंडागा राष्ट्रात आल्फी जॅक्स नावाचे प्रसिद्ध काठीकार होते, २०२३ मध्ये गेले. वडिलांच्या हाताखाली शिकले आणि आयुष्यभर काठ्या केल्या. त्यांची पद्धत अशी. आधी झाड निवडायचं, सरळ वाढलेलं, खालच्या भागात गाठी आणि फांद्या नसलेलं. तोडण्याआधी तंबाखू वाहून झाडाचे आभार मानायचे. मग ओंडका करवतीने कापायचा नाही, तर पाचरी ठोकून उभा फोडायचा. आधी अर्धा, मग पाव, मग आणखी बारीक फाका. तुमच्या लगेच लक्षात येईल का ते. करवत सरळ जाते, लाकडाची रेषा मात्र जिथे वळते तिथे वळते. करवतीने रेषा तुटली की वाकवताना लाकूड नेमकं तिथेच उकलतं. पाचर रेषेच्या वाटेने जाते, त्यामुळे काठीभर एकही धागा तुटत नाही.

फाक तासून काठीच्या आकाराची केली की तिला वाफ द्यायची. वाफेने लाकूड मऊ झालं की टोक साच्याभोवती वळवायचं आणि तारेने बांधून ठेवायचं. पुढचं काम वाट बघण्याचं. बांधलेल्या अवस्थेत ती हळूहळू वाळू द्यायची, नाहीतर वळण परत उघडतं. कित्येक महिने जातात. मग दोन मुठींच्या पात्याने, पातं आपल्या अंगाकडे ओढत, तिला अखेरचा आकार द्यायचा, भोकं पाडायची आणि चामड्याच्या वाद्या आणि तात ओवून जाळी विणायची. आपल्या विणकरांच्या गावाला हे वेगळं सांगायला नको की ताण सगळीकडे सारखा लागला पाहिजे. एका बाजूला ढिली पडली की चेंडू जाळीत अडकतो नाहीतर भलतीकडे सुटतो.

मुलगा जन्मला की पाळण्यात छोटीशी काठी ठेवायची रीत आहे. माणूस गेला की त्याची काठी त्याच्यासोबत पुरतात, पलीकडच्या मैदानावर उतरताना ती हाताशी असावी म्हणून. झाडातला जीव काठीत राहतो आणि खेळताना तो आपल्याला मिळतो, असं ते मानतात.

सोलापूरच्या माणसाला हे समजायला अवघड नाही. गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज आपण 'मानाच्या काठ्या' म्हणूनच ओळखतो. संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून रात्री सराव चालतो, आणि ती उंच काठी तोलणारा गडी दमछाक होऊनही ती वाकू देत नाही, कारण त्याच्या लेखी तो सिद्धरामेश्वरांचा योगदंड आहे. ताकद, तोल आणि भक्ती तिथे वेगळी काढताच येत नाही. ओनोंडागाच्या मैदानावरही ती वेगळी काढता येत नाही.

१९७० च्या सुमारास प्लॅस्टिकच्या टोकाच्या काठ्या आल्या. हलक्या, स्वस्त, एकसारख्या. खेळ जगभर पसरला तो त्यांच्यामुळे, आणि होदेनोशोनी खेळाडूसुद्धा स्पर्धेत त्याच वापरतात. लाकडी काठी राहिली ती औषधाच्या सामन्यासाठी आणि घरातल्या खुंटीवर.

प्रश्न : मी तालमीत जातो. ही मंडळी सामन्याआधी काही पथ्य पाळतात का? (एक पैलवान, मंगळवेढा)

कडक पाळत. चेरोकींचं सगळ्यात तपशीलवार वर्णन जेम्स मूनी या अभ्यासकाने १८९० मध्ये छापलं. ते नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात त्यांच्यात राहून आले होते. खेळाडूने ससा खायचा नाही, कारण ससा भित्रा आणि गोंधळला की कुठेही पळतो. बेडूक नाही, त्याची हाडं ठिसूळ. आणि चाकवत नाही! हो, आपण ताकातली भाजी करतो तोच चाकवत. त्याचा देठ पटकन मोडतो म्हणून. मीठ आणि गरम जेवणही वर्ज्य. ब्रह्मचर्य पाळायचं. आदल्या रात्री नाच, त्यात बायकांची गाणी. पहाटे नदीवर जायचं. नदी म्हणजे त्यांच्या लेखी डोंगरात डोकं आणि सखल भागात पाय असलेला एक लांबच लांब माणूस, त्याच्याकडे बळ मागायचं. शिवाय टर्कीच्या हाडाच्या दातेरी फणीने दंड, मांड्या, पोटऱ्या, छाती-पाठीवर रक्त दिसेपर्यंत ओरखडे काढून घ्यायचे आणि मग पाण्यात उतरायचं.

हे सगळं आताच्या काळात जसंच्या तसं चालतं असं समजू नका, आणि तालमीत ओरखड्यांचा प्रयोग तर मुळीच करू नका, जंतुसंसर्ग होईल. पण 'लढाईचा धाकटा भाऊ' असं ज्या खेळाला म्हणत, त्यात उतरण्याआधी त्यांनी आधी स्वतःला आवरलं, हे लक्षात घ्या.

प्रश्न : मी कबड्डी खेळते. मुलींनी त्या लाकडी काठीला हातही लावायचा नाही असं वाचलं. बाई, तुम्हाला हे पटतं का? (बीएच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, विजापूर रोड)

नाही पटत. सरळ सांगते. सणावाराला 'तू बाजूला हो' हे ऐकत मोठ्या झालेल्या कुठल्याही बाईला ते टोचणारच.

तरीही पूर्ण चित्र बघ. होदेनोशोनींमध्ये औषधाचा सामना आणि त्याची काठी पुरुषांची, हे खरं. पण त्याच समाजात कूळ आईकडून चालतं. कुळाची प्रमुख बाई असते, राष्ट्राच्या सभेत बसणारा सरदार ती निवडते आणि तो चुकला तर तीच त्याला उतरवते. अशी सत्ता आपल्या ग्रामपंचायतीतल्या किती बायकांच्या हाती खरोखर असते? आणि सगळ्या जमातींचा नियम एक नाही. मिसिसिपीमधल्या चॉक्टॉ लोकांत दोन छोट्या काठ्या घेऊन खेळायचा याच घराण्यातला खेळ आहे. दर जुलैत त्यांची मोठी जत्रा भरते, तिथे रात्रीच्या उजेडात सामने होतात, ढोल वाजतात, आणि बायकांचे संघही तितक्याच त्वेषाने उतरतात. डोक्याला टोप नाही, खांद्याला गादी नाही.

होदेनोशोनी मुलींचाही राष्ट्रीय संघ आहे आणि तो जागतिक स्पर्धेत खेळतो. सुरुवातीला त्याला घरातूनच विरोध झाला. त्या खेळतात ती काठी आजची, कारखान्यातली. औषधाच्या काठीला त्या हात लावत नाहीत. कोणी म्हणेल ही तडजोड झाली. मला त्यात त्यांची हुशारी दिसते. त्यांनी परंपरेचा दरवाजा फोडला नाही आणि दाराबाहेर रडतही बसल्या नाहीत. पुढचा नियम बदलायचा की नाही ते त्यांच्या कुळमातांनी ठरवावं. सोलापुरात बसून मी फक्त माझं मत सांगू शकते, आणि ते वर सांगितलं आहे.

प्रश्न : हे लोक अमेरिकेत किंवा कॅनडात राहतात, मग त्याच देशाकडून ऑलिंपिक का खेळत नाहीत? वेगळ्या संघाचा हट्ट कशासाठी? खेळात राजकारण कशाला? (निवृत्त सरकारी कर्मचारी, होटगी रोड)

दादा, तुमच्या प्रश्नातल्या 'हट्ट' या शब्दाशी मी सहमत नाही, म्हणून जरा सविस्तर.

या खेळात राजकारण त्यांनी आणलेलं नाही. १८६७ मध्ये माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी लॅक्रॉसचे नियम छापले. कातड्याच्या चेंडूच्या जागी रबरी चेंडू, ठरावीक मैदान, बारा-बारा खेळाडू. त्यांना तो कॅनडाचा राष्ट्रीय खेळ करायचा होता. १८७६ मध्ये माँट्रियलजवळच्या काहनावाके गावच्या मोहॉक खेळाडूंना इंग्लंडला नेऊन राणी व्हिक्टोरियापुढे खेळवलं. आणि १८८० मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय संघटनेने फक्त हौशी खेळाडूंनाच दार उघडं ठेवलं. प्रवासखर्चासाठी सामन्याचे पैसे घेणारे मूळ रहिवासी व्यावसायिक ठरले आणि स्पर्धेबाहेर गेले. म्हणजे ज्यांचा खेळ, तेच बाहेर. १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मोहॉकांचा एक संघ तिसरा आला, पण तोही कॅनडाच्या खात्यात. याच काळात अमेरिकेने १८८३ च्या नियमांनी मूळ रहिवाशांचे विधी आणि नाच गुन्हा ठरवले होते. धर्मस्वातंत्र्याचा कायदा यायला १९७८ साल उजाडलं. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं, भाषा बोलली तर मार. एवढ्यातून जे थोडं हातात राहिलं त्यात हा खेळ होता.

१९८३ मध्ये ओनोंडागाचे ओरेन लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इरोक्वॉय नॅशनल्स हा संघ उभा केला. पुढे तो आंतरराष्ट्रीय महासंघाचा सभासद झाला आणि १९९० मध्ये पर्थच्या जागतिक स्पर्धेत स्वतःच्या झेंड्याखाली, स्वतःच्या पारपत्रावर उतरला. २०१४, २०१८ आणि २०२३ या तिन्ही जागतिक स्पर्धांत त्यांना कांस्यपदक मिळालं, अमेरिका आणि कॅनडा यांच्या मागोमाग. आता संघाचं नाव होदेनोशोनी नॅशनल्स आहे.

पारपत्राची गोष्ट ऐका. त्यांचे एक पुढारी डेस्काहे १९२३ मध्येच होदेनोशोनी पारपत्रावर जिनिव्हाला तेव्हाच्या राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) दाद मागायला गेले होते. २०१० मध्ये मँचेस्टरला जागतिक स्पर्धा होती. ब्रिटनने ही पारपत्रं मानायला नकार दिला. अमेरिकेच्या परराष्ट्र मंत्री हिलरी क्लिंटन यांनी एकदाची सवलत दिली, तरी ब्रिटन बधलं नाही. अमेरिकेचं पारपत्र घेतलं असतं तर पुढच्या विमानाने जाता आलं असतं. पोरं न्यूयॉर्कमध्ये दिवसामागून दिवस थांबली, आणि स्पर्धा न खेळता घरी गेली. वर्षानुवर्षं तयारी केलेल्या विशी-पंचविशीतल्या खेळाडूंना हे केवढ्याला पडलं असेल, ते मी खेळाडू घडवत आले म्हणून मला कळतं. दुसऱ्याचं नाव लावून सृष्टीकर्त्यापुढे उभं राहायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

आता २०२८. ऑलिंपिकमध्ये फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समितीमार्फत येणाऱ्या संघालाच प्रवेश, असा नियम आहे, आणि होदेनोशोनींची अशी समिती नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी त्यांना खेळू द्यावं असं जाहीरपणे म्हटलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने नियमाकडे बोट दाखवलं. अमेरिकेकडून किंवा कॅनडाकडून खेळा, हा सल्ला त्यांनाही मिळतोच, तुमच्यासारखाच.

माझं म्हणणं असं की नियमाला वाट काढता येते, कारण ऑलिंपिकने ती आधी काढलेली आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकपासून निर्वासितांचा संघ ऑलिंपिकच्या झेंड्याखाली उतरतो. त्यांच्या मागे कुठल्याही देशाची समिती नसते. आणि खेळाडूंनी तर समितीच्याही पुढे जाऊन दाखवलं आहे. अमेरिकेत बर्मिंगहॅमला २०२२ मध्ये झालेल्या जागतिक क्रीडा महोत्सवातून होदेनोशोनींना आधी याच कारणाने वगळलं होतं. ओरड झाल्यावर आयोजक त्यांना घ्यायला तयार झाले, पण जागा शिल्लक नव्हती. तेव्हा पात्र ठरलेल्या आयर्लंडच्या संघाने आपली जागा सोडली, आणि तिथे होदेनोशोनी खेळले.